स्वतंत्र तार : खानदेशातील घर, ध्वनिवर्धक आणि वीज

किल्ले, सनदा आणि लढाया यांवर आपण येथे पुष्कळ बोललो. आजचा धागा भिंतीतून जाणाऱ्या एका तारेचा आहे.

जळगाव-धुळ्याकडे ज्यांना चांगला अॅम्प्लिफायर बाळगण्याचा नाद आहे, ते घर बांधताना वा रंगवताना वायरमनला हमखास एक काम सांगतात. मेन बोर्डापासून अॅम्प्लिफायरच्या भिंतीपर्यंत एक थेट तार ओढायची. तिच्यावर पंखा नको, फ्रिज नको, मिक्सर तर नकोच. वेगळा एमसीबी, चार चौरस मिलिमीटरची तांब्याची तार, सोळा अँपिअरचा सॉकेट आणि जमलेच तर वेगळे अर्थिंग. बोलण्यात हिला सर्रास ‘हाय व्होल्टेज लाईन’ म्हणतात. वायरमन हसतो आणि काम करून देतो.

ही मागणी वरवर शौकिनांची वाटते. तिच्या मागे जाऊ लागलो, तर खानदेशच्या विजेचा जवळजवळ सगळा इतिहास तिच्यात गुंतलेला दिसतो. निर्वेध वीज कोणाला मिळावी, कोणी इतरांपासून वेगळे व्हावे आणि त्या वेगळेपणाचे मोल कोणी द्यावे, हा प्रश्न दिवाणखान्यातही आहे आणि रावेरच्या केळीबागेतही.

आधी शब्दाचा घोळ मिटवू. भारतीय विद्युत नियम, १९५६ मध्ये विजेच्या दाबाचे वर्ग ठरवून दिले होते. २५० व्होल्टपर्यंत लघुदाब, ६५० पर्यंत मध्यमदाब, ३३,००० पर्यंत उच्चदाब आणि त्यापुढे अतिउच्चदाब. म्हणजे आपल्या घरातील २३० व्होल्ट कायद्याच्या भाषेत ‘लघु’ ठरतात. माणूस मारायला ते पुरेसे असतात, ही गोष्ट वेगळी. त्या वर्गवारीत उच्चदाब सुरू होतो तो रस्त्यावरच्या ११,००० व्होल्टच्या वाहिनीपासून. ती डीपीपाशी येते आणि तेथेच थांबते.

मग अॅम्प्लिफायरशी ‘हाय व्होल्टेज’ हा शब्द चिकटला कोठून? माझा कयास असा, की तो यंत्राच्या पोटातून आला. जॉन अँब्रोज फ्लेमिंग यांनी १९०४ मध्ये निर्वात नळीचा डायोड केला आणि ली डी फॉरेस्ट यांनी १९०६ मध्ये तिच्यात आणखी एक विद्युताग्र घालण्याचा मार्ग शोधला. या नळीला, म्हणजे आपल्या जुन्या मंडळींच्या ‘व्हॉल्व्ह’ला, दोन प्रकारची वीज लागते. तंतू तापवायला थोडे व्होल्ट आणि पट्टिकेवर इलेक्ट्रॉन ओढून घ्यायला पुष्कळ. घरातील व्हॉल्व्हच्या अॅम्प्लिफायरमध्ये पट्टिकेवर २५० ते ४५० व्होल्ट असणे अगदी नेहमीचे. जुने रेडिओ-मेकॅनिक यालाच ‘एचटी’ म्हणत, म्हणजे हाय टेन्शन. प्लग काढल्यानंतरही हा दाब आतल्या कपॅसिटरमध्ये दबा धरून बसलेला असतो. म्हणून जुना सेट उघडताना एक हात खिशात ठेवण्याची शिस्त या व्यवसायात शिकवली जाई. विजेला छातीतून आरपार जायला वाट मिळू नये, हा त्यामागचा हेतू.

आवाज खानदेशात विजेच्या आधी पोचला, हेही लक्षात ठेवले पाहिजे. चावीच्या फोनोला वीज लागतच नसे. स्प्रिंग तबकडी फिरवी आणि सुईचे कंपन पडद्यातून कर्ण्यात जाई. त्या यंत्राला ना फेज ना न्यूट्रल. १९२५ च्या सुमारास दोन गोष्टी जवळजवळ एकत्र घडल्या : ध्वनिमुद्रण विजेवर होऊ लागले आणि अमेरिकेत चेस्टर राइस व एडवर्ड केलॉग यांनी हलत्या कुंडलीच्या ध्वनिक्षेपकाविषयीचा आपला निबंध मांडला. आज आपल्या घरातला बहुतेक प्रत्येक स्पीकर त्याच तत्त्वावर चालतो. तेव्हापासून आवाज मोठा करणे म्हणजे वीज आणणे, असे समीकरण झाले.

वीज नसलेल्या गावी हे कसे साधत? पेट्रोलवर चालणारे जनित्र नेऊन, किंवा बॅटरीवर. बॅटरीच्या व्हॉल्व्ह-रेडिओला तंतूसाठी दीडएक व्होल्टची आणि पट्टिकेसाठी सुमारे ९० व्होल्टची कोरडी बॅटरी लागे. ती विटेसारखी जड असे आणि महागही. ज्या घरात दिव्याला रॉकेल होते, त्या घरात रेडिओपुरते नव्वद व्होल्ट होते. खानदेशच्या खेड्यांत ‘आवाजासाठी वेगळी वीज’ प्रथम आली ती अशी, डब्यात भरून.

येथे फैजपूर आठवणे भाग आहे. डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन पूर्व खानदेशातील फैजपूर येथे भरले. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू होते, मंडपाची सजावट नंदलाल बोस यांनी बांबू आणि गावच्या साहित्यातून केली होती. आपण त्या अधिवेशनाची छायाचित्रे पाहतो तेव्हा बांबूच्या कमानी पाहतो. मला मात्र प्रश्न पडतो तो आवाजाचा. उघड्या माळावर हजारो माणसे जमली, की कोणाचाही गळा पुरा पडत नाही. काँग्रेसच्या सभांना ध्वनिक्षेपक पुरविण्याचे काम १९३१ च्या कराची अधिवेशनापासून नानिक मोटवाने यांच्या ‘शिकागो रेडिओ’ने अंगावर घेतले होते. त्या काळातील पुढाऱ्यांच्या छायाचित्रांत मायक्रोफोनवर ही अक्षरे वारंवार दिसतात. नाव शिकागोचे, पण मंडळी मूळ सिंधची. त्यांच्यासारख्या ध्वनिक्षेपकवाल्यांचे काम नुसते भोंगे टांगण्याचे नसे. सभा जेथे भरेल तेथे आवाजापुरती वीज उभी करणे, आणि ती सभेच्या मध्यावर दगा देणार नाही याची काळजी घेणे, हे खरे कौशल्य. सभेत दिवे गेले तर माणसे बसून राहतात. आवाज गेला, की सभा मोडते. यात्रांतून फिरणाऱ्या टुरिंग टॉकीजनेही पुढे हाच धडा गिरवला : ट्रक, जनित्र आणि स्वतःची तार.

आता शहराकडे वळू. घरातील विजेचे व्होल्ट किती असावेत, हे कोणा ऋषीने सांगितलेले नाही. एडिसनने १८८२ मध्ये न्यू यॉर्कच्या पर्ल स्ट्रीट केंद्रातून वीज दिली ती ११० व्होल्टच्या आसपास, कारण त्याचे कार्बन-तंतूचे दिवे तेवढ्यात नीट टिकत. बर्लिनच्या वीज कंपनीने १८९९ मध्ये दाब दुप्पट करून २२० केला. त्याच जाडीच्या तारेतून दुप्पट वीज जाऊ लागली आणि तांबे वाचले. युरोप त्या वाटेने गेला, ब्रिटनही वरच्या दाबाकडे गेले आणि ब्रिटनमागून आपण. अमेरिका मात्र जुन्याच दाबाशी बांधलेली राहिली. म्हणूनच आजही अमेरिकेतील आवाजवेडे लोक आपल्या अॅम्प्लिफायरसाठी मुद्दाम २४० व्होल्टची स्वतंत्र लाईन ओढून घेतात. त्यांच्या १२० व्होल्टच्या घरात ती खरोखर ‘हाय’ असते. आपल्याकडील संज्ञेचा आणखी एक उगम कदाचित हाच. जे त्यांना खर्च करून मिळवावे लागते, ते जळगावच्या बल्बच्या होल्डरमध्येही असते.

आणि होल्डरचे नाव निघालेच आहे, तर दोन मीटरांची गोष्ट सांगतो. मला या साऱ्या इतिहासातील हा सर्वांत रंजक भाग वाटतो.

१९१० च्या भारतीय विद्युत कायद्याखाली शहराशहरांतून परवानाधारक कंपन्या वीज पुरवीत. त्यांच्यापुढे एक अडचण होती. दिवे सगळे एकाच वेळी, संध्याकाळी लागतात. त्या दोन-चार तासांसाठी मोठे जनित्र घ्यावे लागते आणि उरलेला दिवस ते रिकामे फिरते. म्हणून दिवसा वापरल्या जाणाऱ्या मोटारी, शेगड्या, इस्त्री यांची वीज स्वस्त ठेवायची आणि दिवे-पंख्यांची महाग, असा दराचा शहाणपणा जगभर रूढ झाला. पण एकाच मीटरला दिवा कोणता आणि शेगडी कोणती हे कसे कळणार? उपाय एकच : दोन मीटर, दोन मेन स्विच, दोन स्वतंत्र तारा. एक ‘लाईट’ची, दुसरी ‘पॉवर’ची. जुन्या घरांत लाकडी फळ्यांवर शेजारी शेजारी दोन मीटर दिसतात ते यामुळे. बारीक पाच अँपिअरचा सॉकेट आणि जाड पंधरा अँपिअरचा सॉकेट हा जो भेद आपण आज निव्वळ तांत्रिक समजतो, त्याच्या मुळाशी तारेच्या जाडीइतकाच दरपत्रकाचाही वाटा आहे. पुढे दर एकत्र झाले, दुसरा मीटर गेला, पण ‘पॉवर पॉईंट’ हा शब्द राहिला. वायरिंगच्या भारतीय प्रमाणसंहितेतही (आय.एस. ७३२) तो विभाग टिकला : दिवे-पंख्यांच्या एका उपमंडलावर दहा पॉईंट किंवा ८०० वॉट, आणि पॉवरच्या उपमंडलावर मोठे सॉकेट दोनच.

रेडिओ यांपैकी कोणत्या तारेवर? गंमत इथेच आहे. तो बहुधा दिव्याच्या तारेवर असे, कधी तर सरळ बल्बच्या होल्डरमध्ये जोडणी घालून. होल्डरला दोनच टोके. तिसरे, म्हणजे अर्थिंगचे, नाहीच. त्यात कोठे एकदिश प्रवाह, कोठे प्रत्यावर्ती, आणि गावागणिक दाब निराळा. म्हणून जुन्या सेटच्या पाठीवर २००, २२०, २४० असे खुंटीचे पर्याय असत. दोन्ही प्रवाहांवर चालणारे ‘ए.सी./डी.सी.’ सेट स्वस्त पडत, कारण त्यांत ट्रान्सफॉर्मर नसे. पण त्यामुळे प्लग उलटा घातला, तर सेटचा आतला लोखंडी सांगाडा थेट फेजला जोडला जाई. लाकडी पेटी आणि बॅकेलाईटची बटणे ही शोभेची वस्तू नव्हती. ऐकणारा आणि २३० व्होल्ट यांच्यामध्ये तेवढाच पडदा होता. बटण तुटून नुसता धातूचा दांडा उरला, की तो पडदाही गेला.

२० जून १९६० रोजी महाराष्ट्र राज्य वीज मंडळ अस्तित्वात आले. खानदेशात त्यानंतर जे झाले ते दोन चित्रांत सांगता येते. पहिले चित्र भुसावळजवळच्या दीपनगरचे : औष्णिक वीज केंद्र, १९७९ आणि १९८२ मध्ये सुरू झालेले २१० मेगावॅटचे दोन संच, पुढे ५०० मेगावॅटचे आणखी दोन. दुसरे चित्र तापीकाठच्या यावल-रावेर पट्ट्याचे. केळीला बारमाही पाणी लागते. विहिरींवर विजेचे पंप बसले, पाणी खोल गेले, विहिरींच्या जागी कूपनलिका आल्या, पंपांची अश्वशक्ती वाढली. एकाच डीपीवर जितके पंप जोडायला हवेत त्याहून अधिक जोडले गेले, काही अधिकृत, काही आकडे टाकून. मोटार सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह ओढते. वाहिनीच्या टोकाशी असलेल्या घरात त्या क्षणी बल्ब पिवळा पडतो, पंखा दम टाकतो आणि रेडिओ घोगरा होतो. दीपनगरच्या धुराड्यांपासून थोड्याच अंतरावरच्या गावांत हे घडे. दिव्याखाली अंधार ही म्हण इथे शब्दशः खरी होती.

याच काळात घरातील यंत्र बदलले. ट्रान्झिस्टर आल्यावर अॅम्प्लिफायरच्या पोटातील शेकडो व्होल्ट गेले आणि काही दहा व्होल्ट उरले. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून गावोगावी अॅम्प्लिफायर जुळवले जाऊ लागले. २एन३०५५ हा धातूच्या टोपीसारखा दिसणारा ट्रान्झिस्टर त्या पिढीच्या कारागिरांना तोंडपाठ होता. लग्नाच्या मंडपात आहुजाचा अॅम्प्लिफायर, घरी जुळवलेला डेक. व्हॉल्व्हचा सेट कमी दाबात नुसता मंद होई. ट्रान्झिस्टरचा सेट गुरगुरू लागे, कारण त्याच्या आतील सरळ केलेल्या विजेवरची लाट उघडी पडे. मग त्याच्या शेजारी स्टॅबिलायझर आला. त्याच्या रिलेची टकटक ही खानदेशातल्या कितीतरी घरांत गाण्याला मिळालेली बिनमागणीची साथ होती.

आता त्या स्वतंत्र तारेचा हिशेब करू, म्हणजे तिच्याकडून किती अपेक्षा ठेवावी हे कळेल. मेन बोर्डापासून अॅम्प्लिफायर वीस मीटर लांब धरा. जाणारी आणि येणारी मिळून चाळीस मीटर तार. अडीच चौरस मिलिमीटरच्या तांब्याचा रोध इतक्या लांबीला सुमारे ०.३ ओहम भरतो, चारच्या तारेचा सुमारे ०.२. दहा अँपिअर इतका मोठा ओढा धरला, तरी पहिल्या तारेत तीन व्होल्ट घटतात आणि दुसरीत दोन. म्हणजे महागड्या जाड तारेने वाचवला तो एक व्होल्ट. आणि रस्त्यावर? पंप सुरू झाले, की २३० चे १९० होतात. चाळीस व्होल्टची ती घट तुमच्या दारापर्यंत येऊनच पोचलेली असते. घरातील तार कितीही स्वतंत्र असो, ती डीपीपासून स्वतंत्र नाही.

मग ती निरुपयोगी आहे का? नाही. फ्रिजच्या कॉम्प्रेसरचा झटका, मिक्सरच्या कार्बनच्या ठिणग्या, पंख्याच्या रेग्युलेटरची भणभण हे सारे घरातल्याच सामाईक तारेवरून अॅम्प्लिफायरमध्ये शिरते, आणि वेगळी तार त्याला बऱ्याच अंशी अटकाव करते. त्याहून मोठा लाभ असा, की तापणाऱ्या जुन्या जोडांतून, पंचवीस वर्षांपूर्वीच्या अॅल्युमिनियमच्या तारेतून मोठा भार जात नाही. तो लाभ कानाचा कमी आणि आगीपासूनच्या बचावाचा अधिक आहे. माझ्या मते तार ओढण्याचे एवढे कारण पुरेसे आहे.

एक संकट मात्र ती तार मुळीच टाळत नाही. डीपीपासून येणाऱ्या चार तारांपैकी न्यूट्रल कोठे तुटला, तर गल्लीतली घरे नकळत दोन फेजांच्या मध्ये एकापुढे एक जोडली जातात. ज्याच्या घरी भार कमी, त्याच्या वाट्याला दाब जास्त. तीनशेच्या वरही. एका संध्याकाळी साऱ्या गल्लीचे टीव्ही जळाल्याची कथा आपल्यापैकी अनेकांनी ऐकली असेल. घरात खरेखुरे जादा व्होल्ट शिरतात ते अशा वेळी, आणि त्यावर उपाय जाड तार नसून ठरावीक दाबाच्या वर पुरवठा तोडणारे उपकरण आहे.

२००५ नंतरची काही वर्षे तुमच्या-माझ्या बालपणाची आहेत, म्हणून त्यांना इतिहास म्हणताना जीभ अडखळते. दाभोळचा प्रकल्प २००१ मध्ये बंद पडला होता, मागणी वाढत होती, नवे संच उभे राहिले नव्हते. २००५ मध्येच वीज मंडळाचे विभाजन होऊन महावितरण वेगळी झाली. खेड्यांत दिवसाचे दहा-बारा तास भारनियमन. घरोघरी इन्व्हर्टर आले आणि स्वस्त इन्व्हर्टरची वीज लाटेऐवजी चौकोनी पायऱ्यांची असल्याने अॅम्प्लिफायरचा ट्रान्सफॉर्मर गुणगुणू लागला. पण त्या काळातील खरी महत्त्वाची घटना घरात घडली नाही. ती खांबावर घडली. तिचे नाव ‘सिंगल फेजिंग’.

कल्पना साधी होती. शेतीपंपांना तीन फेज लागतात, घराला एक पुरतो. ठरावीक तासांत वाहिनीवरचा तीन फेजचा पुरवठा बंद ठेवायचा आणि खास बांधणीच्या ट्रान्सफॉर्मरमधून गावाला एका फेजची वीज द्यायची. पुढे आणखी नीटस उपाय आला : गावठाणाची वाहिनीच शेतीपासून वेगळी करायची. शेजारच्या गुजरातने ज्योतिग्राम योजनेत हे आधीच केले होते. थोडे थांबून पाहा. घरात फ्रिजपासून अॅम्प्लिफायर वेगळा करणारी जी तार, तीच कल्पना येथे पंपांपासून साऱ्या गावाला वेगळे करते. गावात संध्याकाळी दिवे राहू लागले, मुलांचा अभ्यास आणि टीव्हीवरची मालिका दोन्ही शाबूत राहिले.

पण वेगळे होण्यात ज्याला वेगळे केले जाते तोही असतो. शेतकऱ्याच्या वाट्याला तीन फेज आले ते बहुधा रात्री. रात्री दोनला वीज आली, की बॅटरी घेऊन बांधावरून पंपाकडे जायचे, साप-विंचू, थंडी, ओली जमीन आणि उघडा स्टार्टर. काहींनी कपॅसिटर लावून दोन फेजांवर तीन फेजचा पंप चालवण्याची युक्ती काढली. पंप चाले, गुंडाळी तापे, मोटारी जळत आणि बाकीच्यांचा दाब आणखी खाली जाई. गावठाणातील माणूस आणि मळ्यातील माणूस पुष्कळदा एकच असतो. गावातल्या घरी निर्वेध वीज ज्याला मिळाली, तोच दोन वाजता बांधावर उभा होता. या धोरणाची प्रशंसा आणि निंदा दोन्ही एकाच तोंडून ऐकू येतात, यात विसंगती नाही.

शहरात निराळा प्रयोग झाला. २०११ मध्ये जळगावचे वीजवितरण क्रॉम्प्टन ग्रीव्ह्ज या खाजगी फ्रँचायझीकडे गेले आणि २०१५ मध्ये पुन्हा महावितरणकडे आले. त्यावर स्वतंत्र धागा लिहिण्याजोगे आहे, येथे नोंद पुरे.

आता सर्वांत जिवाचा विषय : अर्थिंग. शौकिनांना ‘ह्युम’, म्हणजे ती पन्नास हर्ट्झची गुणगुण, असह्य होते. दोन उपकरणे दोन ठिकाणी जमिनीला जोडली गेली, की त्या दोन बिंदूंमधील सूक्ष्म दाब आवाजाच्या तारेतून वाहू लागतो. त्यावर दोन ‘उपाय’ कानोकानी फिरतात. एक, प्लगची तिसरी पिन काढून टाका. दोन, अॅम्प्लिफायरसाठी अंगणात स्वतःचा अर्थिंगचा खड्डा घ्या आणि तो घराच्या अर्थिंगशी जोडू नका. पहिला उघड आत्मघातकी आहे. दुसरा शास्त्रीय वाटतो, म्हणून अधिक घातक.

खड्ड्यात आपण पत्रा किंवा नळी पुरतो, कोळसा आणि मीठ भरतो, पाणी ओततो. समजा अॅम्प्लिफायरमध्ये बिघाड होऊन फेज त्याच्या धातूच्या अंगाला लागली. खड्ड्याचा रोध पाच ओहम असेल, तर २३० भागिले ५, म्हणजे ४६ अँपिअर प्रवाह जमिनीत जाईल आणि सोळा अँपिअरचा एमसीबी, लगेच नव्हे पण थोडा तापून, पडेल. आता तोच खड्डा मे महिन्यात पाहा. जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळिशीला टेकलेला, तापीखोऱ्यातील काळी माती भेगाळलेली, खड्ड्यात पावसाळ्यानंतर कोणी पाणी घातलेले नाही. धुळ्याकडे आणखी निराळे संकट : थोडे खणले की खडक. बेसाल्टमधून भिंतीसारखे गेलेले डाइक हे धुळे जिल्ह्याच्या भूगोलाचे वैशिष्ट्य आपण पुस्तकात वाचतो. अर्थिंगवाल्याच्या पहारीला ते रोज भेटते. रोध वीस ओहमवर गेला, तर प्रवाह साडेअकरा अँपिअर. सोळाचा एमसीबी याला बिघाड समजतच नाही. तो पडत नाही. अॅम्प्लिफायरचे चकचकीत अंग दोनशे व्होल्टच्या आसपास तापत राहते आणि गाणे सुरूच असते.

डीपीच्या स्वतःच्या अर्थिंगचा रोध मी या हिशेबात धरलेलाही नाही. तो धरला, तर चित्र आणखी वाईट होते.

म्हणून घराची सारी अर्थिंग एकमेकांना जोडलेली असावी आणि गळतीचा प्रवाह ओळखून तीस मिलीअँपिअरला पुरवठा तोडणारा आरसीसीबी बोर्डात असावा. कोरड्या खड्ड्यातून जाणारे साडेअकरा अँपिअरही त्याच्या दृष्टीने शेकडो पटींनी जास्त आहेत. गुणगुण घालवायची असेल, तर सारी आवाजाची उपकरणे एकाच बोर्डावर, एकाच अर्थिंगवर घ्यावीत. स्वतंत्र तारेचा खरा उपयोग इथे होतो. आणखी एक. जुन्या घरात तिसऱ्या भोकात तार नसेल, तर काही जण तेथे न्यूट्रल जोडून देतात. टेस्टरला फरक कळत नाही. पण मागे कोठे न्यूट्रल सुटला, की यंत्राच्या अंगावर फेज उभी राहते. हे काम परवानाधारक ठेकेदाराकडून करून घ्यावे, असे १९५६ च्या नियमांत होते आणि त्यांची जागा घेणाऱ्या नियमांतही आहे. ‘टेस्ट रिपोर्ट’ हा कागद आपण केवळ मीटर मिळवण्यासाठी जोडतो. त्यात लिहायचा अर्थिंगचा रोध प्रत्यक्ष मोजून लिहिला का, एवढे विचारायला हरकत नाही.

जाता जाता जपान. तेथील काही ध्वनिवेड्यांनी स्वतंत्र तारेवर न थांबता घरासमोर स्वतःचा वीजखांब आणि स्वतःचा ट्रान्सफॉर्मर उभारला आहे. शेजाऱ्यांच्या वॉशिंग मशीनचा उपसर्ग गाण्याला नको म्हणून. हे वाचून मला प्रथम हसू आले. मग ध्यानात आले, की अगदी हेच महाराष्ट्राने २०१८ मध्ये शेतीसाठी सुरू केले. ‘उच्चदाब वितरण प्रणाली’, लोकांच्या तोंडी ‘एक शेतकरी, एक डीपी’. मोठ्या डीपीपासून लांबवर लघुदाबाच्या तारा ओढण्याऐवजी ११,००० व्होल्टची वाहिनीच बांधापर्यंत न्यायची आणि तेथे एक-दोन पंपांपुरता छोटा ट्रान्सफॉर्मर बसवायचा. चारशे व्होल्टऐवजी अकरा हजारांवर तीच वीज नेली, की प्रवाह साडेसत्तावीस पटींनी घटतो. आणि तारेतील नाश प्रवाहाच्या वर्गाने ठरत असल्याने त्याच तारेत तो साडेसातशे पटींहून कमी होतो. बर्लिनने १८९९ मध्ये दुप्पट केला तोच हिशेब. आकडा टाकायलाही येथे कोणी धजत नाही, कारण तार अकरा हजारांची आहे.

खरीखुरी, नियमांच्या व्याख्येत बसणारी, एकट्याची ‘हाय व्होल्टेज लाईन’ खानदेशात कोणाकडे असेल, तर ती अशा एखाद्या केळीच्या मळ्यात.

तुमच्या घरी, आजोळी, जुन्या वाड्यात लाकडी फळीवरचे जोड-मीटर, चिनी मातीचे कटआऊट, बॅटनपट्टीवरची कापडी आवरणाची तार असे काही शिल्लक असेल, तर दुरून छायाचित्र घेऊन या धाग्याखाली टाका. गाव आणि अंदाजे वर्ष लिहा. नवे मीटर बसताना ही फळी सर्वांत आधी भंगारात जाते. हात मात्र लावू नका, त्यातील काही अजून चालू असतात.